विकास आराखड्यासाठी नागरिक समिती: माणसं कशी निवडायची

पुणे महापालिकेच्या हद्दीत 2017 मध्ये 11 गावं आली, 2021 मध्ये आणखी 23. पहिल्या 11 मधली फुरसुंगी आणि उरुळी देवाची 2024 मध्ये पुन्हा बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करायचं ठरलं. असं प्रत्येक गाव आज उपनगर आहे. एका बाजूला गावठाण, वाड्या आणि ऊस, दुसऱ्या बाजूला बारा मजली सोसायट्या, आणि मध्ये ज्याचं पुढे काय होणार ते कुणालाच नीट माहीत नाही अशी जमीन. ते ठरतं विकास आराखड्यात. आराखडा मात्र गावात येतो तो थेट हरकतींची मुदत सुरू झाल्यावर, आणि मग पळापळ होते.

ही पळापळ टाळायची तर आधीपासून कागद वाचणारी, जमीन पायाखालून घालणारी आणि नगरपरिषदेला लेखी सल्ला देणारी स्वयंसेवकांची समिती हवी. अशा समित्या बऱ्याच ठिकाणी निघतात, पण त्यातल्या बऱ्याचशा पहिल्या सहा महिन्यांतच बोर्डापुरत्या उरतात. तिथे बहुतेक वेळा माणसं निवडतानाच चूक झालेली असते. म्हणून इथे फक्त निवडीबद्दल.

समितीचं कायद्यातलं स्थान

पहिल्याच दिवशी सगळ्यांना स्पष्ट सांगा: ही समिती काहीही मंजूर किंवा नामंजूर करू शकत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 मध्ये आराखड्याचा रस्ता ठरलेला आहे. कलम 23 खाली आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर होतो, कलम 25 खाली विद्यमान जमीन वापराचा नकाशा बनतो, कलम 26 खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होऊन हरकती मागवल्या जातात. कलम 28 खाली नियोजन समिती त्या ऐकते आणि कलम 31 खाली शासन मंजुरी देतं. यातली नियोजन समिती म्हणजे आपली समिती नव्हे. तिच्यात नियोजन प्राधिकरणाच्या, म्हणजे आराखडा करणाऱ्या महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या, समितीतले 3 सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त 4 तज्ज्ञ असतात.

नगरपरिषदेच्या कायद्यातल्या विषय समित्यांवरही नगरसेवकच बसतात. त्यामुळे नागरिकांची समिती सर्वसाधारण सभेच्या ठरावाने नेमलेली, केवळ सल्ला देणारी अशीच असणार. ठरावात चार गोष्टी येऊ द्या: समितीचं काम, सदस्यसंख्या, मुदत, आणि ‘समितीचा लेखी अभिप्राय सभेपुढे ठेवला जाईल’ हे वाक्य. हे शेवटचं वाक्य नसेल तर अभिप्राय आवक-जावक रजिस्टरमध्येच राहतो.

नगरपरिषद ठराव करायला तयार नसेल तर सोसायट्यांचा महासंघ आणि गावकरी मिळून स्वतःची समिती करू शकतात. हरकत दाखल करायला कुणाच्या नेमणुकीची गरज नसते. ग्रामपंचायत असेल तर ग्रामसभेतून समिती निवडा. गोव्यात प्रादेशिक आराखडा 2021 च्या वेळी गावपातळीवरच्या समित्यांकडून सूचना मागवल्या होत्या, म्हणजे ही कल्पना काही आभाळातून पडलेली नाही.

वेळेचं भान ठेवा. समिती बनवायची उत्तम वेळ कलम 23 ची सूचना निघाली की लगेच. तेव्हा विद्यमान वापराचा नकाशा अजून बनायचा असतो, आणि पुढची सगळी इमारत त्याच नकाशावर उभी राहते. मुंबईच्या 2034 च्या आराखड्याचा पहिला मसुदा फेब्रुवारी 2015 मध्ये आला आणि चुकांच्या भडिमारामुळे एप्रिलमध्येच तो नव्याने करायचा आदेश निघाला. आहेत त्या इमारतींवरून रस्ते, वारसा वास्तूंची नोंदच नाही, अशा तक्रारी होत्या. चालत गेलं तर दिसणारी गोष्ट नकाशात नसणं ही तुमच्या समितीने पकडायची पहिली चूक. प्रारूप आराखडा आल्यावर हातात 30 किंवा 60 दिवसच असतात (मुदत सूचनेतच छापलेली असते, ती आधी वाचा), आणि तेवढ्यात समिती निवडून, शिकवून, कामाला लावणं होत नाही.

11 खुर्च्या, आणि त्या कुणाच्या

साधारण 50 ते 80 हजार वस्तीच्या उपनगराला 11 जण पुरतात. 7 असले तर दोघं आजारी पडल्यावर काम अडतं. 21 असले तर बैठकीत भाषणं होतात आणि शिवारात चालायला चारच येतात. गणपूर्ती 6 ठेवा. शिवाय 3 राखीव सदस्य निवडून ठेवा. त्यांना बैठकीला बसता येईल, मत मात्र नाही.

‘तज्ज्ञांची समिती’ करायचा मोह इथेच होतो. आठ वास्तुविशारद आणि अभियंते बसवले की कागद देखणे होतात, पण त्यातल्या निम्म्यांची कामं याच हद्दीत चालू असतात आणि उरलेल्यांना ओढा कुठून वाहतो ते माहीत नसतं. वाढत्या उपनगरात एकाच नावाखाली दोन गावं नांदत असतात. जमीन मूळ गावकऱ्यांच्या नावावर असते, मतं आणि तक्रारी सोसायट्यांकडे असतात. बागेचं, शाळेचं, रस्त्याचं आरक्षण (जागा त्या कामासाठी राखून ठेवणं) पडतं ते शेतकऱ्याच्या गटावर, म्हणजे गट क्रमांकाच्या जमिनीवर, आणि मागणी येते फ्लॅटवाल्यांकडून. दोघांच्या बोलण्यात तथ्य असतं. समितीत यातली एकच बाजू बसली तर दुसरी तिचा एकही कागद मानणार नाही.

आकडा मांडून पाहा. 40 गुंठ्यांचं शेत आहे, म्हणजे 4,047 चौरस मीटर. त्याच्या 100 मीटर लांबीतून 24 मीटर रुंदीचा रस्ता गेला तर 2,400 चौरस मीटर, म्हणजे जवळपास 24 गुंठे जातात. अर्ध्याहून जास्त. तोच रस्ता 12 मीटरचा असेल तर 12 गुंठे. सोसायटीत राहणाऱ्याला ‘रस्ता रुंद हवा’ एवढंच दिसतं. ज्याच्या घरात 40 गुंठ्यांचा सातबारा आहे त्याला हा गुणाकार झोपेतही येतो. दोघं एका टेबलावर असले तरच ‘18 मीटर पुरेल का, आणि सरळ रेषेऐवजी बांधाने नेला तर?’ हा उपयोगाचा प्रश्न निघतो.

म्हणून खुर्च्यांची वाटणी आधी ठरवा, नावं नंतर. आम्ही सुचवू ती अशी: 3 जागा मूळ गावकऱ्यांना, त्यातली 1 अशा कुटुंबाला ज्याची जमीन 1 एकरापेक्षा कमी आहे. 3 जागा सोसायट्यांना, पण तिन्ही वेगळ्या भागातल्या, कारण मुख्य रस्त्यावरच्या सोसायटीचे प्रश्न आतल्या सोसायटीचे नसतात. 1 जागा भाडेकरूला. 1 छोट्या व्यावसायिकाला, म्हणजे गॅरेज, पिठाची गिरणी, भाजीचा गाळा असं काही चालवणाऱ्याला. 1 वाडी-वस्तीवरच्या, विशेषतः गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या व्यक्तीला. उरलेल्या 2 तांत्रिक: एक नगररचना किंवा स्थापत्य जाणणारी, दुसरी पाणी, नाले, भूगर्भ किंवा झाडं जाणणारी. 11 पैकी किमान 5 स्त्रिया, आणि त्या ‘महिला प्रतिनिधी’ म्हणून बाजूला काढलेल्या नकोत, वरच्याच गटांमधून आलेल्या असाव्यात.

वस्तीची जागा कुणी शोभेची समजू नये. स्मशानभूमी, कचरा प्रक्रिया केंद्र, मैलाशुद्धीकरण प्रकल्प यांची आरक्षणं कुठेतरी टाकावीच लागतात आणि ती कुणाच्या दारात पडतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी शहराच्या कचरा डेपोचा वास किती वर्षं सोसला ते पुण्यात कुणाला सांगावं लागत नाही.

मूळ गावकऱ्यांच्या तीन जागांना एक अट जोडा: तिघं एकाच भावकीतले नकोत. हे लिहून ठेवलं नाही तर हमखास एकाच आडनावाची तीन नावं येतात आणि ‘गावाने एकमताने दिली’ असं सांगितलं जातं.

कुणाला घ्यायचं नाही

सरळ अपात्र ठरवायचे लोक मोजकेच ठेवा, नाहीतर कुणीच उरणार नाही. विद्यमान नगरसेवक, स्वीकृत नगरसेवक आणि पक्षाचे पदाधिकारी नकोत. हद्दीत चालू किंवा प्रस्तावित प्रकल्प असलेला बांधकाम व्यावसायिक, त्याचा भागीदार किंवा पगारी सल्लागार नको. जमिनीच्या खरेदी-विक्रीची दलाली करणारा नको. नगरपरिषदेचा कंत्राटदार नको. मुदतीच्या काळात नगरपरिषदेची निवडणूक लढवणार नाही असं लेखी घ्या. त्याला कायद्याचं बळ नाही, पण लिहून दिलेलं मोडताना माणूस दोनदा विचार करतो. स्वीकृत सदस्यत्व हुकलेल्यांची सोय म्हणून या समितीकडे पाहिलं जातं, ते पहिल्याच फेरीत थांबवा.

ज्याची हद्दीत जमीन आहे तो मात्र अपात्र नाही. उपनगरात जमीन नसलेला गावकरी शोधायला गेलात तर समितीत फक्त पाहुणे उरतील. त्याने जमीन जाहीर करावी आणि तो विषय आला की उठून बाहेर जावं, एवढं पुरे.

अर्ज: एक पान, सहा प्रश्न

अर्ज मागवायला 3 आठवडे द्या. सूचना फक्त सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली तर अर्जही तिथूनच येतील. ती चावडीवर, दूध डेअरीत, रेशन दुकानात, शाळेच्या फाटकावर, बसथांब्यावर आणि मजुरांच्या वस्तीजवळच्या किराणा दुकानात लावा. अर्ज मराठीतच, हातानेही भरता येईल असा. ज्यांना लिहायला अडचण आहे त्यांचा अर्ज नगरपरिषदेच्या कर्मचाऱ्याने विचारून भरावा.

पहिला प्रश्न: कुठे राहता आणि किती वर्षं. 2 वर्षांहून कमी असेल तर नको, कारण किमान दोन पावसाळे पाहिलेला माणूस हवा. दुसरा: हद्दीत आणि हद्दीला लागून तुमचा किंवा कुटुंबाचा कोणकोणत्या जमिनीत, घरात, गाळ्यात हक्क आहे. तिसरा: गेल्या 5 वर्षांतला व्यवसाय आणि मुख्य ग्राहक. चौथा: राजकीय पद. पाचवा: महिन्यातून दोन संध्याकाळी आणि एक रविवार सकाळ देऊ शकता का, आणि 3 तास चालू शकता का. चालणं जमत नसेल तर अर्ज बाद करू नका, रिक्षाची सोय करा. व्हीलचेअरवरच्या सदस्याला पदपथांबद्दल जे दिसतं ते इतरांना दिसत नाही.

सहावा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: ‘तुमच्या स्वतःच्या भागातला सोडून, दुसऱ्या भागातला जमीन वापराचा एक प्रश्न 100 शब्दांत लिहा.’ माणूस आपल्या गल्लीपलीकडे पाहतो का, ते या एका उत्तरात कळतं. ‘सगळीकडे ट्रॅफिक आहे, प्रशासन झोपलं आहे’ असं लिहिणारा बैठकीतही हेच बोलेल. ‘खालच्या वस्तीतली मुलं हायवे ओलांडून शाळेत जातात, अलीकडच्या बाजूला सरकारी गायरान आहे, तिथे शाळा होईल का’ असं लिहिणारी व्यक्ती, मग तिचं शुद्धलेखन कसंही असो, तुम्हाला हवी आहे.

छाननी: सांगितलेलं आणि सापडलेलं

छाननीला तिघं पुरेत: एक मुख्याध्यापक किंवा निवृत्त बँक अधिकारी, एक बाहेरच्या गावातली नगररचना जाणणारी व्यक्ती, आणि नगरपरिषदेचा एक अधिकारी. तिघांपैकी कुणाचीही या हद्दीत जमीन नको.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तपासायला साधनं घरबसल्या आहेत. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा आणि आठ-अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) पाहा. सातबाऱ्यावर मालकाचं नाव वाचून थांबू नका, ‘इतर हक्क’ रकाना वाचा. कुळ, बोजा, कधी कधी विकसन कराराची (जमीन बिल्डरला बांधकामासाठी दिल्याची) नोंद तिथे सापडते. नोंदणी विभागाच्या ऑनलाइन शोधात सूची क्रमांक 2 (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) मिळते, त्यात साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार), विकसन करारनामा, कुलमुखत्यारपत्र दिसू शकतं. महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर हद्दीतले प्रकल्प उघडून प्रवर्तक, भागीदार आणि जमीनमालकांची नावं ताडून पाहा. यात अर्जदाराचं नाव सापडलं आणि अर्जात नव्हतं, तर त्याला बोलावून विचारा. वडिलोपार्जित, सात ते बारा जणांच्या सामाईक गटातला दोन गुंठ्यांचा हिस्सा लिहायचा राहिला असेल तर ती विसरभोळेपणाची गोष्ट. गेल्या वर्षी झालेलं साठेखत राहिलं असेल तर अर्ज बाद.

इथे एक धोका आहे: ही तपासणी निवडक लोकांची केली तर सूड उगवल्यासारखं दिसतं. केली तर प्रत्येक अर्जदाराची करा, आणि कसली तपासणी होणार ते अर्जावरच छापा. त्यामुळे काही अर्ज येणारच नाहीत. बरंच झालं.

शिवार फेरीची परीक्षा

मुलाखतीत सगळेच चांगलं बोलतात. म्हणून मुलाखतीआधी एक रविवार सकाळ काढा. छाननीतून उरलेल्या सगळ्यांना 6-6 जणांच्या गटात सुमारे 3 किलोमीटरच्या ठरलेल्या वाटेवर चालवा. प्रत्येकाच्या हातात त्या भागाच्या नकाशाची स्वतंत्र प्रत, एक पेन्सिल आणि एक पट्टी. गटाला मिळून एकच नकाशा दिला तर तो अभियंत्याच्या हातात जातो आणि बाकीचे त्याच्या मागे चालतात.

वाट अशी निवडा की तिच्यावर नकाशात न दिसणाऱ्या निदान 5 गोष्टी असतील आणि त्या तुम्हाला आधी माहीत असतील: पाइपात घातलेला ओढा, वहिवाटीचा पाणंद रस्ता, वापरातली विहीर, शेती विभागात उभं राहिलेलं गोदाम, भराव टाकून उंच केलेला प्लॉट. सांगायचं फक्त एवढंच: ‘नकाशात आहे आणि जागेवर नाही, किंवा जागेवर आहे आणि नकाशात नाही, ते खूण करून लिहा.’ वेळ 2 तास.

नकाशा वाचता येणं ही अट नाही, शिकता येणं ही आहे. निघण्यापूर्वी 15 मिनिटांत तीन गोष्टी शिकवा. उत्तर कुठे. प्रमाण म्हणजे काय: 1:5000 च्या नकाशावर 1 सेंटिमीटर म्हणजे जागेवर 50 मीटर, त्यामुळे 1.6 गुणिले 2.5 सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे 80 गुणिले 125 मीटर, बरोबर 1 हेक्टर. आणि रंग: साधारणपणे पिवळा निवासी, निळा वाणिज्य, जांभळा औद्योगिक, हिरवा शेती किंवा मोकळी जागा, पण नेहमी त्या नकाशाची सूची पाहूनच बोलायचं. फेरी संपल्यावर एकच गणित द्या: नकाशावरच्या एका तुकड्याचं क्षेत्र गुंठ्यांत काढा. 1 गुंठा म्हणजे 101.17 चौरस मीटर. उत्तर थोडं चुकलं तरी चालेल. ‘हे माझं काम नाही’ म्हणून कागद परत देणाऱ्याचं नाव तिथेच खाली सरकवा.

गुण देताना सापडलेल्या चुकांना निम्मे ठेवा. बाकीचे निम्मे दोन गोष्टींना: वाटेत भेटलेल्या माणसांना काही विचारलं का, आणि दुसऱ्याने दाखवलेली गोष्ट मान्य करून आपल्या प्रतीवर लिहिली का. पाइपातला ओढा बहुतेक वेळा शेतकऱ्याला सापडतो, भरावाची उंची अभियंत्याला. एकमेकांना विचारणारे दोघं मिळाले तर तुमचं निम्मं काम झालं.

मुलाखत: 15 मिनिटं, तीन प्रसंग

‘तुम्हाला समितीत का यायचंय?’ हा प्रश्न वगळा, त्याचं उत्तर सगळ्यांचं पाठ असतं. प्रसंग द्या.

पहिला: ‘तुमच्या चुलत्याच्या गटावर खेळाच्या मैदानाचं आरक्षण पडलं आहे. जागा मैदानाला योग्य आहे असं तुम्हालाही वाटतं. बैठकीत काय कराल?’ काहीजण अभिमानाने म्हणतील, ‘मी मैदानाच्या बाजूने बोलेन, नात्याला भीक घालणार नाही.’ हे उत्तर चुकीचं आहे. नातं सांगून बाहेर जायचं आणि चर्चेत दोन्ही बाजूंनी बोलायचं नाही, हेच बरोबर.

दुसरा: ‘नाल्याच्या कडेला 60 झोपड्या आहेत आणि ती जागा निळ्या पूररेषेच्या आत आहे. काय सल्ला द्याल?’ निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे मुलाखत घेणाऱ्याने आधी समजावून सांगावं. ‘हटवा’ किंवा ‘राहू द्या’ एवढंच म्हणणारा कच्चा. लोक जाणार कुठे आणि त्यासाठी आराखड्यात जागा कोणती, हे विचारणारा पक्का.

तिसरा: ‘समितीत 8 विरुद्ध 3 मत पडलं, तुम्ही तिघांत आहात. दुसऱ्या दिवशी स्थानिक वार्ताहराचा फोन येतो.’ भिन्नमत पत्रिका लिहून देईन आणि ती जोडली जाईल याची खात्री करेन, हे उत्तर ऐकायचं असतं. भिन्नमत काही पाप नाही. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर 2013 मध्ये 80,000 हून अधिक हरकती आल्या, 7 जणांच्या नियोजन समितीत सरकारनियुक्त तज्ज्ञ आणि महापालिकेचे सदस्य यांचं जमलं नाही, वेगवेगळी मतं गेली, आणि 2015 मध्ये शासनाने आराखडा आपल्या हाती घेतला. कायद्याने नेमलेल्या समितीत असं होतं, तर आपल्यातही होणार. मतभेद कागदावर कसा मांडायचा ते ठरलेलं असलं म्हणजे समिती मोडत नाही.

शेवटी चिठ्ठी

प्रत्येक गटात पात्र उमेदवार जागांपेक्षा जास्त असतील तर चिठ्ठ्या टाका. नगरपरिषदेच्या प्रभागांच्या आरक्षणाची सोडत जशी सगळ्यांसमोर, शाळेतल्या मुलांच्या हातून काढतात, तशीच. गुणांनी पहिला आलेलाच हवा, असा आग्रह छाननी करणारे धरतील. आमचं मत उलट आहे. फेरी आणि मुलाखत ही चाळणी आहे. तिच्यातून उतरलेल्या पाचांमध्ये 71 गुण आणि 68 गुण यांत खरा फरक काही नसतो, पण ‘अमक्याने तमक्याला घेतलं’ हा आरोप समितीला पहिल्या दिवसापासून चिकटतो. चिठ्ठीने तो मिटतो. तांत्रिक दोन जागांना मात्र चिठ्ठी नको. तिथे पात्र माणसंच दोन-तीन असतात, सरळ गुणांनी निवडा.

एखाद्या गटातून अर्जच आले नाहीत, बहुतेकदा भाडेकरू आणि वस्ती या गटांतून, तर ती जागा दुसऱ्या गटाला देऊ नका. आणखी 2 आठवडे रिकामी ठेवा आणि अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, रिक्षा स्टँड यांच्यामार्फत माणूस शोधा. अर्ज न येण्याचं कारण अनेकदा बैठकीची वेळ असते. संध्याकाळी 5 ला रोजंदारीवरचा माणूस येऊ शकत नाही, रात्री 8 ला येऊ शकतो. सदस्यांना मानधन नसलं तरी प्रवासखर्च आणि बुडालेल्या रोजाची भरपाई ठरावात घाला, नाहीतर स्वयंसेवक म्हणजे ज्यांच्याकडे मोकळा वेळ आहे तेवढेच, असं होतं.

नेमणुकीच्या दिवशी सही घ्यायचे कागद

हितसंबंधांचं निवेदन अर्जातल्यापेक्षा सविस्तर हवं. स्वतः, जोडीदार, आई-वडील, मुलं, भावंडं, हिंदू अविभक्त कुटुंब आणि ज्या भागीदारीत हिस्सा आहे ती पेढी, या सगळ्यांच्या नावचे गट क्रमांक किंवा सर्व्हे क्रमांक, क्षेत्र, हक्काचा प्रकार. मालकी, कुळ, साठेखत, विकसन करार, कुलमुखत्यारपत्र, भाडेपट्टा, सगळं. दर 6 महिन्यांनी ते नव्याने भरून घ्या आणि सूचनाफलकावर लावा.

त्याच कागदावर बाहेर जायचा नियम असू द्या: आपल्या जमिनीला लागून असलेल्या किंवा 200 मीटरच्या आतल्या जागेचा विषय आला की सदस्य खोलीबाहेर जाईल आणि इतिवृत्तात त्याच्या जाण्या-येण्याची वेळ लिहिली जाईल. 200 हा आकडा कायद्यातला नाही, आपण ठरवायचा आहे. दाट वस्तीत 100 करा, मोकळ्या शिवारात 300. मात्र पूर्ण भागाच्या विषयावर, म्हणजे शेती विभागाचा निवासी करावा का अशा प्रश्नावर, हा नियम लावायला गेलात तर खोली रिकामी होईल. तिथे सगळ्यांनी आपापला संबंध मोठ्याने सांगून मगच बोलावं.

आणि एक बंधन नगरपरिषदेवर: समितीला फक्त प्रसिद्ध झालेले कागद द्यायचे. अप्रसिद्ध मसुदा कितीही विश्वासाने दाखवायला आणला तरी पाहू नका. नव्या रस्त्याची आखणी जाहीर होण्याआधी दोन महिने कुणाला कळली की त्या पट्ट्यात व्यवहार होतात, आणि बोट समितीकडे वळतं. मसुदा पाहिलाच नव्हता, हे सांगता येणं हाच बचाव.

पहिल्या दोन महिन्यांत शिकवायचं ते

चार बैठका, प्रत्येकी 2 तास. पहिल्या बैठकीत सातबारा, फाळणी (गटाच्या पोटहिश्शांचा नकाशा), गावनकाशा आणि मोजणीची क प्रत (मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा). महाभूनकाशा या ऑनलाइन नकाशावर दिसणारी रेषा आणि मोजणीची हद्द एक नसते, हे जमिनीवर दाखवा. दुसऱ्या बैठकीत वर सांगितलेली कलमं, शिवाय मंजूर आराखड्यातल्या किरकोळ फेरबदलांचं कलम 37 आणि आरक्षणाचं कलम 127. या शेवटच्या कलमाने, आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण सुटतं. म्हणून 40 आरक्षणं मागायची आणि पैसा 6 जागांपुरता, हा सल्ला शेवटी शेतकऱ्याला दहा वर्षं अडकवतो आणि गावालाही बाग देत नाही.

तिसरी बैठक डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीवर. ती सगळी वाचायची गरज नाही. विभागांत काय चालतं, रस्त्याच्या रुंदीवर बांधकाम कसं अवलंबून असतं, 0.4 हेक्टर आणि त्यावरच्या रेखांकनात (लेआउटमध्ये) 10 टक्के मोकळी जागा, एवढं पुरतं. चौथी बैठक हरकत लिहिण्याची: नकाशाचा पत्रक क्रमांक, गट क्रमांक, प्रस्ताव काय, आक्षेप काय, पर्याय काय, सोबत फोटो. एका पानात. एकाच छापील मजकुराच्या शेकडो अर्जांची सुनावणी बहुतेकदा एकत्रच उरकली जाते, म्हणून सह्यांच्या मोहिमेपेक्षा नीट लिहिलेल्या 30 हरकती भारी पडतात.

गळती होणारच

साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दोघं-तिघं यायचे बंद होतात. लागोपाठ 3 बैठका आणि 1 फेरी चुकली की जागा रिकामी समजायची आणि त्याच गटातला राखीव सदस्य आत घ्यायचा, हे नियमात हवं. नाहीतर ‘त्यांना वाईट वाटेल’ म्हणून खुर्ची वर्षभर मोकळी राहते. मुदत 2 वर्षांची ठेवा, पण सगळ्यांची एकदम संपू देऊ नका. पहिल्या वेळी 5 जणांना 1 वर्षाचीच मुदत द्या, हेही चिठ्ठीने ठरवून. सुनावण्या चालू असताना कुणाची मुदत संपत असेल तर ती सुनावणी होईपर्यंत वाढवा.

निर्णय व्हॉट्सॲपवर घेऊ नका. तिथे वेळ आणि जागा कळवायची, बस. इतिवृत्त 7 दिवसांत फलकावर लावा, आणि प्रत्येक अभिप्रायाची पोच आवक क्रमांकासह फाइलला जोडा. फेरीतले खुणा केलेले नकाशे तारीख टाकून नगरपरिषदेच्या कपाटात ठेवा आणि त्यांचा एक संच समितीकडेही राहू द्या. नगररचना अधिकारी बदलून गेला की नव्याला दाखवायला तेच उपयोगी पडतात.